लोकरीचे प्रवाळ

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे निसर्गेतिहासाचे एक विख्यात राष्ट्रीय संग्रहालय आहे. हत्ती, देवमासे, पुरातन प्राण्यांचे प्रचंड सांगाडे, दुर्मीळ रत्ने अशा सृष्टीतील नाना नवलांनी त्याची दालने भरलेली आहेत. या संग्रहालयात २०१० साली एक आगळे प्रदर्शन मांडण्यात आले होते. दालनात पाऊल टाकणाऱ्या प्रेक्षकाला प्रथमदर्शनी वाटे, की आपण समुद्राच्या तळाशीच उतरलो आहोत. कोठे तांबड्या-केशरी झुडपांची दाटी, कोठे निळ्या-जांभळ्या पाकळ्यांचे ताटवे, तर कोठे चुण्याचुण्यांचे गोल गरगरीत पुंजके. समुद्रातील प्रवाळांचे उपवनच जणू कोणी अलगद उचलून तेथे आणून ठेवले होते. परंतु जवळ जाऊन न्याहाळताच प्रेक्षक थक्क होई. त्यांतील एकही प्रवाळ समुद्रातून आणलेला नव्हता. ते सारे उपवन लोकरीचे आणि सुताचे होते, आणि क्रोशाच्या सुईने टाका टाका घालून विणलेले होते!

क्रोशाचे काम आपल्याला अपरिचित नाही. दारावरचे तोरण, तान्ह्या बाळाची टोपी, टेबलावरचा नक्षीदार रुमाल अशा कितीतरी वस्तू घरोघरी क्रोशाने विणल्या जातात. त्यासाठी साहित्य ते काय लागते? टोकाशी आकडा असलेली एक सुई आणि धाग्याचा एक गुंडा! फावल्या वेळचा विरंगुळा म्हणूनच लोक या कामाकडे पाहतात. परंतु याच साध्या सुईने गणितातील एका गहन कल्पनेला हाती धरता येईल असे रूप दिले, आणि पुढे याच सुईने जगातील हजारो माणसांना समुद्रातील एका संकटाची जाणीव करून दिली. ते कसे घडले, याची कथा मोठी उद्बोधक आहे.

या कथेचा आरंभ फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत यूक्लिड नावाचा थोर गणिती होऊन गेला. त्या काळी ज्ञात असलेली भूमिती त्याने एका ग्रंथात सुसंगतपणे मांडली. इमारतीला जसा पाया, तशी त्या ग्रंथाच्या मुळाशी काही थोडी विधाने होती. ती सिद्ध न करता मान्य करावयाची आणि त्यांच्या आधारे बाकीची सर्व प्रमेये सिद्ध करावयाची, अशी त्याची पद्धत होती. अशा विधानांना गृहीतके म्हणतात. यूक्लिडचे पाचवे गृहीतक समांतर रेषांविषयी आहे. सोप्या शब्दांत त्याचा आशय असा सांगता येईल : एक सरळ रेषा आणि तिच्याबाहेर एक बिंदू घेतला, तर त्या बिंदूतून मूळ रेषेला समांतर अशी एक आणि एकच रेषा काढता येते.

कागद आणि पट्टी घेऊन बसणाऱ्या कोणालाही हे विधान सहज पटेल. परंतु एखादी गोष्ट पटणे निराळे आणि ती सिद्ध होणे निराळे. हे गृहीतक इतर गृहीतकांवरून सिद्ध करता येईल काय, या प्रश्नाने जवळजवळ दोन हजार वर्षे विद्वानांचा पिच्छा पुरविला. हंगेरीतील फार्कश बोल्यॉई या गणित्याची उमेदीची वर्षे या प्रश्नापायी खर्ची पडली होती. त्याचा मुलगा यानोश हाही त्याच वाटेला लागला, तेव्हा या प्रश्नाच्या नादी तू तरी लागू नकोस, असे पित्याने त्याला परोपरीने विनविले. मुलाने ते ऐकले नाही; आणि ऐकले नाही, हे गणिताचे भाग्यच म्हणावयाचे! यानोशच्या ध्यानात आले, की त्या बिंदूतून मूळ रेषेला कधीही न छेदणाऱ्या एक सोडून अगणित रेषा काढता येतात असे मानले, तरी कोठेही विसंगती येत नाही. उलट एक नवीच भूमिती उभी राहते. त्याचे हे संशोधन १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच, १८२९ मध्ये, रशियातील लोबाचेव्हस्की याने स्वतंत्रपणे हाच शोध लावून तो प्रसिद्ध केला होता. या नव्या भूमितीतील पृष्ठाला अपास्तीय प्रतल असे म्हणतात.

हे प्रतल असते तरी कसे? ते समजण्यासाठी तीन प्रकारची पृष्ठे डोळ्यांसमोर आणावी. पहिले पृष्ठ सपाट कागदाचे. त्यावर कोणताही त्रिकोण काढला, तरी त्याच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश भरते. दुसरे पृष्ठ चेंडूचे किंवा पृथ्वीच्या गोलाचे. पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत दोन रेखावृत्ते अशी घ्यावी, की ध्रुवापाशी त्यांच्यामध्ये काटकोन होईल. प्रत्येक रेखावृत्त विषुववृत्ताला काटकोनातच मिळते. म्हणजे या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन झाले आणि त्यांची बेरीज २७० अंश झाली! चेंडूवरील त्रिकोण असे फुगलेले असतात. तिसरे पृष्ठ याच्या अगदी उलट. ते घोड्याच्या खोगिरासारखे एका दिशेने वर उचललेले आणि दुसऱ्या दिशेने खाली झुकलेले असते. आणि तेही एखाद्या ठिकाणी नव्हे, तर प्रत्येक बिंदूपाशी. त्यावरील त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून नेहमी कमीच भरते. हेच अपास्तीय प्रतल होय.

सपाट पृष्ठासाठी कागद आहे, गोल पृष्ठासाठी चेंडू आहे. पण या तिसऱ्या पृष्ठासाठी विद्यार्थ्याच्या हाती काय द्यावे? गणित्यांनी त्याची समीकरणे मांडली, आकृत्या काढल्या. तथापि हाती धरून उलटसुलट करून पाहता येईल असा टिकाऊ नमुना मिळेना. विल्यम थर्स्टन या अमेरिकन गणित्याने कागदाच्या वक्र पट्ट्या एकमेकींना जोडून नमुने करण्याची युक्ती काढली होती. परंतु ते नमुने फार नाजूक असत. वर्गात चार मुलांच्या हातांतून फिरले, की फाटलेच!

१९९७ मध्ये असा एक कागदी नमुना अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिन्या यांच्या पाहण्यात आला. या बाई मूळच्या लॅटव्हिया देशातील रीगा शहरच्या. भूमिती शिकविणे हा त्यांचा व्यवसाय. विणकामाची कला त्यांना चांगली अवगत होती. कागदाऐवजी हा नमुना लोकरीचा केला तर काय होईल, असा विचार त्यांच्या मनात आला. दोन सुयांच्या विणकामात एका ओळीतील सगळे टाके सुईवर धरून ठेवावे लागतात. आणि येथे तर टाक्यांची संख्या ओळीगणिक वाढत जाणार! क्रोशाच्या कामात मात्र एका वेळी एकच टाका सुईवर असतो. बाकीचे आपापल्या जागी पक्के बसलेले असतात. म्हणून ताइमिन्याबाईंनी क्रोशाची सुई हाती घेतली आणि त्या उन्हाळ्यात आपल्या विद्यार्थ्यांसाठी अपास्तीय प्रतलाचे नमुने विणून काढले.

यामागील हिशेब साधा आहे. क्रोशाने सपाट, गोल चकती विणावयाची असेल, तर साधारणतः पहिल्या फेरीत ६ टाके घेतात आणि पुढील प्रत्येक फेरीत आणखी ६ वाढवितात. ६, १२, १८, २४ असे वाढत वाढत दहाव्या फेरीत ६० टाके होतात आणि चकती पाटासारखी सपाट राहते. मध्येच टाके वाढविणे थांबविले, तर कड आत वळू लागते आणि चकतीची टोपी होते. बाळाची टोपी विणणारी आजी हे गणित कोणत्याही शाळेत न जाता जाणत असते.

आता वाढीचा नियम बदलून पाहू. प्रत्येक फेरीत ठरावीक ६ टाके न वाढविता, आधीच्या फेरीतील प्रत्येक टाक्यात दोन टाके घालावे, म्हणजे दर फेरीस टाक्यांची संख्या दुप्पट होईल. ६, १२, २४, ४८, ९६, १९२, ३८४, ७६८, १५३६ आणि दहाव्या फेरीत ३०७२! जेथे ६० टाक्यांपुरती जागा आहे, तेथे तीन हजारांहून अधिक टाके कसे मावावे? ते सपाट बसूच शकत नाहीत. साहजिकच कड वर-खाली वळते, तिला चुण्या पडतात आणि परकराच्या झालरीसारखा घेर तयार होतो. वाढ इतकी झपाट्याची न ठेवता काही ठरावीक टाक्यांनंतर एकच टाका वाढविला, तर चुण्या सैल पडतात आणि नमुना हाताळण्यास सोयीचा होतो. ताइमिन्याबाईंनी तसेच केले. वाढीचे प्रमाण आरंभापासून अखेरपर्यंत एकच ठेवणे, हे या विणकामाचे मर्म होय.

हा नमुना वर्गात आला आणि जे केवळ फळ्यावर होते, ते विद्यार्थ्यांच्या हाती आले. विणलेल्या पृष्ठाला घडी घातली, की ती घडी म्हणजे त्या पृष्ठावरील सरळ रेषा. तिच्यावर वेगळ्या रंगाचा धागा भरून घ्यावा. मग तिच्याबाहेर एक बिंदू निवडून त्यातून दुसरी घडी, तिसरी घडी, चौथी घडी घालावी. त्या सर्व रेषा एकमेकींना त्या बिंदूपाशी छेदतात. परंतु पहिल्या रेषेला त्यांपैकी एकही भेटत नाही. बोल्यॉई आणि लोबाचेव्हस्की यांनी जे बुद्धीच्या बळावर जाणले, ते आता बोटांना जाणवू लागले.

गणितासारख्या विषयात लोकरीचा गुंडा पाहून काही जणांना हसू येणे स्वाभाविक होते. ताइमिन्याबाईंनी या विषयावर लिहिलेले पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा वर्षातील सर्वांत चमत्कारिक नावाच्या पुस्तकास दिले जाणारे एक गमतीचे पारितोषिक त्यास मिळाले! पण २०१२ साली त्याच पुस्तकाला अमेरिकेतील गणित संघटनेने यूलर या महान गणित्याच्या नावाचे ग्रंथ पारितोषिक देऊन गौरविले. साधन किती साधे आहे याला महत्त्व नाही. त्याने सत्य किती स्पष्ट होते याला महत्त्व आहे, हे यावरून दिसून येते.

मौज अशी, की गणित्यांना जे पृष्ठ इतक्या उशिरा सापडले, ते सृष्टीला नवे नव्हते. कोंबड्याच्या फुलाचा मखमली तुरा पाहावा, समुद्रातील काही शेवाळांची पाने पाहावी, प्रवाळांच्या कित्येक जाती पाहाव्या. सर्वत्र त्याच चुण्या, तीच झालर! मध्यभागापेक्षा कडेची वाढ अधिक वेगाने झाली, की असा आकार आपोआप येतो. शिवाय तो उपयोगीही असतो. थोड्या जागेत पुष्कळ पृष्ठभाग मावतो. त्यामुळे सूर्यप्रकाश आणि पाण्यातून वाहत येणारे अन्नकण अधिक मिळतात. कोट्यवधी वर्षे सागरतळी हे भूमितीचे पाठ चालू होते. मनुष्याने मात्र ते वाचले नव्हते.

ते वाचले दोन बहिणींनी. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात वाढलेल्या जुळ्या बहिणी. मार्गारेट यांनी पदार्थविज्ञान आणि गणित यांचे शिक्षण घेतलेले. विज्ञानविषयक लेखन हे त्यांचे कार्य. क्रिस्टीन या कवयित्री आणि कलेच्या अध्यापिका. दोघींनी मिळून अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी २००३ मध्ये गणित व विज्ञान यांतील सौंदर्य लोकांपुढे मांडणारी एक संस्था काढली होती. ताइमिन्याबाईंच्या नमुन्यांनी त्यांना वेड लावले आणि त्याही घरी बसून ते विणू लागल्या. २००५ साली, विणलेल्या नमुन्यांचा ढीग साठलेला पाहून क्रिस्टीन यांना एकाएकी भास झाला, की हे तर प्रवाळच आहेत! आपण लोकरीची एक प्रवाळभित्ती विणू शकू, असे त्या म्हणाल्या.

ही कल्पना त्यांना सुचली, यात नवल नव्हते. क्वीन्सलँडच्या किनाऱ्याला समांतर अशी ग्रेट बॅरिअर रीफ ही जगातील सर्वांत मोठी प्रवाळभित्ती पसरलेली आहे. तिची लांबी सुमारे २३०० किलोमीटर. ती कोणी बांधली? मनुष्याने नव्हे, प्रवाळ नावाच्या इवल्याशा जीवांनी. असा एक जीव बहुधा काही मिलिमीटरच असतो. समुद्राच्या पाण्यातून तो चुना घेतो आणि आपल्या तळाशी त्याचा कठीण थर रचतो. एक जीव मरतो, त्याच्या घरावर दुसरा आपले घर बांधतो. अशा अगणित जीवांच्या हजारो वर्षांच्या श्रमांतून ती अफाट भित्ती उभी राहिली आहे. महासागराच्या तळाचा एक टक्काही भाग प्रवाळभित्तींनी व्यापलेला नाही. पण सागरातील सुमारे एकचतुर्थांश जातींचे जीव आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या काळात त्यांच्या आश्रयाला येतात.

या जीवांच्या पेशींत अतिसूक्ष्म शैवाले वस्तीला असतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. प्रवाळांचे मोहक रंगही बव्हंशी त्यांच्यामुळेच असतात. परंतु समुद्राचे पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या उष्णतेपेक्षा अवघ्या एका अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर ही मैत्री तुटते. शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरे फटक पडतात. पाणी लवकर निवाले, तर ते सावरतात. न निवाले, तर उपासमारीने मरतात. कोळसा आणि खनिज तेल जाळून माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वी तापत आहे आणि तिच्याबरोबर समुद्रही. ग्रेट बॅरिअर रीफवर १९९८ आणि २००२ मध्ये प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. पुढे तर २०१६ ते २०२४ या काळात पाच वेळा तसेच घडले. ज्या सागराच्या सान्निध्यात आपले बालपण गेले, त्यातील हे वैभव डोळ्यांदेखत नाहीसे होत आहे, या जाणिवेने वर्थाइम भगिनींनी हाती सुई घेतली.

आरंभी त्यांनी गणिताचा नियम काटेकोरपणे पाळला. दर अमुक टाक्यांनंतर एक टाका वाढवावयाचा, त्यात रेसभरही बदल नाही. नमुने सुबक झाले. परंतु ते प्रवाळासारखे जिवंत दिसेनात. मग त्यांनी नियमाला थोडी सूट दिली. कोठे दोन टाक्यांनंतर वाढ, कोठे पाच टाक्यांनंतर. कोठे जाड लोकर, कोठे बारीक सूत. कोठे मध्येच एखादी फांदी फुटू दिली. आणि काय आश्चर्य! निर्जीव नमुन्यांतून सागरातील जीव आकार घेऊ लागले. सृष्टीचीही रीत अशीच आहे. मूळ नियम एकच. परंतु त्यात पिढ्यानुपिढ्या पडत गेलेल्या लहान लहान फरकांतूनच जीवांच्या नाना जाती निर्माण झाल्या आहेत.

एवढी भित्ती दोघींच्या हातांनी पुरी होणारी नव्हती. त्यांनी इतरांना साद घातली. या कामाला महागडी साधने लागत नव्हती. विणण्याची आवड आणि धीर असला, की पुरे. २००७ मध्ये शिकागो शहरातील लोकांनी प्रदर्शनासाठी आपली स्वतंत्र भित्ती विणली. पुढे लंडन आणि न्यूयॉर्क येथेही तसेच घडले. २००९ मध्ये लॅटव्हियातील शाळकरी मुलांनी आपली प्रवाळभित्ती विणली. ताइमिन्याबाई ज्या देशातून विणकामाचे संस्कार घेऊन निघाल्या होत्या, तेथेच त्यांची कल्पना अशी फिरून घरी आली! वॉशिंग्टनच्या प्रदर्शनात वर्थाइम भगिनींच्या भित्तीबरोबरच सामान्य नागरिकांनी विणलेले प्रवाळही मानाने मांडलेले होते. २०२२ मध्ये जर्मनीतील बाडेन-बाडेन येथील कलासंग्रहालयासाठी सुमारे चार हजार लोकांनी विणलेले चाळीस हजारांहून अधिक प्रवाळ गोळा झाले. हे काम करणाऱ्यांत बहुसंख्या स्त्रियांची होती. त्यांतील पुष्कळजणींनी गणिताची धास्ती घेऊन शाळा सोडलेली असेल. आता मात्र त्यांच्या सुईतून तेच गणित सहजपणे उमलत होते. कामात हातभार लावणाऱ्यांची नावे प्रदर्शनात लावण्याची प्रथा या भगिनींनी पाळली. समुद्रातील भित्ती जशी कोणा एका प्रवाळाची नसते, तशी ही लोकरीची भित्तीही कोणा एकीची नव्हती.

या भित्तींमध्ये सर्वच प्रवाळ रंगीत नाहीत. एक भित्ती मुद्दाम पांढऱ्या आणि फिकट धाग्यांनी विणलेली आहे. ती पाहून पांढऱ्या पडलेल्या प्रवाळांचे स्मरण होते. दुसरी भित्ती लोकरीऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि टाकाऊ फिती यांची आहे. समुद्रात जाऊन पडणाऱ्या कचऱ्याची ती मूर्तिमंत कहाणी होय. वर्थाइम भगिनींनी दुसऱ्यांना दोष देऊन हात झटकले नाहीत. २००७ पासून चार वर्षे त्यांनी स्वतःच्या घरातील प्लॅस्टिकचा सगळा कचरा न टाकता साठवून ठेवला. दोन माणसांच्या साध्या संसारातून केवढा ढीग निघतो, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले आणि लोकांनाही दाखविले.

येथे एक प्रश्न कोणाच्याही मनात उभा राहील. लोकरीचे प्रवाळ विणल्याने समुद्रातील प्रवाळ वाचतात काय? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे. लोकरीच्या एका टाक्याने समुद्राचे पाणी तसूभरही थंड होत नाही. त्यासाठी राष्ट्रांनी आणि माणसांनी आपल्या वागण्यात पालट केला पाहिजे. तसे झाले नाही, तर एक दिवस लोकरीचे प्रवाळ तेवढे संग्रहालयात उरतील आणि ज्यांच्यावरून ते विणले, ते मात्र समुद्रात नसतील. यापरता दैवदुर्विलास कोणता?

असे असले, तरी त्या विणणाऱ्यांचे श्रम वाया गेले असे म्हणता येणार नाही. ज्याने हाताच्या पंजाएवढा एक प्रवाळ विणण्यासाठी तासन् तास खर्च केले आहेत, त्याला खऱ्या प्रवाळाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. एक ओळ उसवली, तर किती वेळचे काम फुकट जाते, हे तो जाणतो. मग हजारो वर्षांची ओळ न् ओळ उसवली जात असताना तो स्वस्थ कसा बसेल? दुरून पाहणाऱ्याला प्रवाळ म्हणजे रंगीत दगड वाटतो. विणणाऱ्याला ते एक अपुरे राहिलेले विणकाम दिसते. ज्ञान डोक्यात असते तोवर ते माहिती असते. हातांत उतरले, की त्याचे ममत्व होते.

आपल्या कोकण किनाऱ्यालाही हे धन थोडेफार लाभलेले आहे. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात जिवंत प्रवाळ आढळतात. लाटांखाली, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, ते इवले जीव आपल्या भित्तीवर आजही थर चढवीत आहेत. आणि किनाऱ्यावरील एखाद्या घराच्या ओटीवर एखादी आजी नातीला जवळ बसवून सांगत असेल, "टाका मोजून घाल बरे, एक चुकला, तर पुढची सगळी ओळ चुकेल." पाण्याखाली आणि ओटीवर चाललेली ही दोन्ही कामे एकाच जातीची आहेत. दोन्हींना वेळ लागतो, दोन्हींना धीर लागतो. आणि उसवायला मात्र दोन्हींना क्षणही पुरतो.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रदर्शन पाहणारे प्रेक्षक जवळ गेल्यावर का थक्क होत?
(आ) ताइमिन्याबाईंनी दोन सुयांच्या विणकामाऐवजी क्रोशाचे काम का निवडले?
(इ) समुद्राचे पाणी तापले असता प्रवाळ पांढरे का पडतात?

२. एका चकतीच्या पहिल्या फेरीत ६ टाके आहेत. (अ) दर फेरीस ६ टाके वाढविले, (आ) दर फेरीस टाके दुप्पट केले, तर आठव्या फेरीत प्रत्येकी किती टाके होतील? कोणत्या चकतीला चुण्या पडतील व का?

३. 'ज्ञान डोक्यात असते तोवर ते माहिती असते. हातांत उतरले, की त्याचे ममत्व होते.' या वाक्याचा अर्थ तुमच्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : पिच्छा पुरविणे, खर्ची पडणे, साद घालणे, हात झटकणे.

५. तुमच्या परिसरातील पाने, फुले, भाज्या यांत चुण्या किंवा झालर असलेले आकार शोधा. त्यांपैकी एकाचे चित्र काढून त्याचे पाच ओळींत वर्णन लिहा.